लायलपूरचा आकडा

"मास्तर, तुमचा हा आकडा दुपारपर्यंत कराचीला पोचतो, ठाऊक आहे?" पुण्याहून तपासणीला आलेले हवामान खात्याचे लेले साहेब कौतुकानं म्हणाले.

आसाराम मास्तर पांढऱ्या लाकडी पेटीत डोकं घालून थर्मामीटर वाचत होते. रात्रीची थंडी नऊ पूर्णांक चार अंश. वहीवर टेकलेली त्यांची पेन्सिल तिथंच थांबली.

"कुठं?"

"कराचीला. पाकिस्तानात." लेले आपले सहज बोलत होते. "आशियातल्या देशांची हवामानाची एक संघटना आहे ना! आपण, पाकिस्तान, इराण, ब्रह्मदेश, सिलोन, सगळे त्यात. आपापले आकडे रोज एकमेकांना द्यायचे. तिकडची थंडीची लाट इकडे यायच्या आधी कळते, ती अशी. लढाईत बंद पडलं होतं, आता गेल्या आठवड्यापासून पुन्हा सुरू झालंय."

मास्तर पुरते हबकले. बहात्तर सालचा जानेवारी. लढाई थांबून जेमतेम महिना उलटला होता. आणि अहो, मास्तर म्हणजे कसा माणूस! नगरजवळच्या सावेडीच्या माळावर अकरा वर्षं ही पेटी सांभाळली. घरात लग्न असो की सुतक, साडेआठच्या ठोक्याला पेटीपुढं हजर. मुलीच्या हळदीलासुद्धा नोंद झाल्याशिवाय गडी पाटावर बसला नाही. आकडा लिहायचा, सायकल हाणायची, तार ऑफिसात तार टाकायची. आणि ती कुणासाठी? अकरा वर्षं आपण वैऱ्याच्या घरी पाणी भरत होतो!

रात्रीच्या सगळ्यात कमी आकड्यावर अडकून राहिलेली आतली काडी थर्मामीटर तिरपा करून दुसऱ्या दिवसासाठी परत लावायची असते. मास्तरांनी ती लावली नाही. पेटीचं दारही उघडंच टाकलं. तरातरा घराच्या ओट्यावर आले, तारेचा फॉर्म मांडीवर घेतला आणि दाबून लिहिलं : एकोणीस.

लेल्यांनी खांद्यावरून पाहिलं. "मास्तर, नऊ होते. मीही पाहिलंय."

"मला एकोणीस दिसले."

"चष्मा बदलायला झालाय का?"

"चष्म्याला काही धाड भरली न्हाई!" मास्तर ओरडलेच. साहेबापुढं आवाज चढवायची त्यांची ही पहिलीच वेळ. "घ्या काम काढून माझं! माझा बन्सी त्यांच्या कैदेत हाय साहेब. फौजेतला, एकुलता एक पोरगा. आणि मी त्यांना हवापाणी कळवू?"

 लेल्यांनी आवाज उतरवून विचारलं, "कुठं ठेवलंय त्याला?"

"लायलपूरला. रेडक्रॉसचं कार्ड आलंय. खुशाल आहे, काळजी नसावी. बास, एवढंच."

लेल्यांनी पिशवीतून कालचा हवामानाचा नकाशा काढला आणि ओट्यावर पसरला. गावोगावच्या टिंबांशेजारी बारीक आकडे भरलेले. नगरपाशी मास्तरांचा कालचा दहा होता. साहेबांचं बोट तिथून निघालं, वर वर सरकत गेलं, सरहद्दीची रेघ ओलांडून थांबलं.

"हे लायलपूर. परवा रात्री तिथं दोन अंश."

 दोन अंश म्हणजे काय, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं. अकरा वर्षांत इथं एकदाच पारा चारावर उतरला होता. त्या रात्री गोठ्यातलं वासरू गारठून मेलं होतं.

चहा घेऊन आलेली मास्तरांची बायको साळूबाई दारातच उभी होती. तिनं लायलपूर एवढंच नीट ऐकलं.

"दोन म्हंजी लई थंडी का, वो?"

मास्तर नकाशाकडंच बघत राहिले. 

"अवो, मी काय इचारते? आपल्यापरीस लई का?"

"लई," मास्तर म्हणाले.

साळूबाईनं कपबश्या खाली ठेवल्या आणि तिथंच बसली. "बिनबाह्यांचा सुटर हाय त्याच्यापाशी. मीच इनला. म्हनलं, बाह्यांची लोकर पुढच्या सुट्टीला आनू." मग नकाशाकडं बघत तिनं विचारलं, "सायेब, तिकडं कोन लिवतं वो हे?"

"असेल कुणीतरी, वहिनी. मास्तरांसारखाच. सकाळी उठून पेटी बघणारा."

"खरं लिवलं आसंल का त्यानं? का कमी-जास्ती केलं आसंल?"

 लेल्यांनी मास्तरांकडं पाहिलंही नाही. साळूबाई मात्र नवऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बसली होती. या घरात आकड्याचं खरंखोटं त्यालाच विचारायचं, दुसऱ्या कुणाला विचारणार?

मास्तरांची नजर मांडीवर गेली. एकोणीस. ठसठशीत, एकही खाडाखोड नाही. बघणाऱ्याला अगदी खरा वाटावा असा आकडा.

त्यांना एकाएकी थंडी वाजली. त्यांनी फॉर्म चुरगाळला, चहा तसाच टाकला आणि उठले. पेटीचं दार उघडंच होतं. आतली काडी अजून रात्रीच्या खुणेवरच होती. मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, गुडघे वाकवले, डोळा काडीच्या रेषेत आणला आणि ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं,

"नऊ. नऊ पूर्णांक चार."

मग पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

"चारच. पाच न्हाई."