उलटा तन्नूस

लोहचुंबक गाडीच्या दाराला चिकटलं नाही. शफीकने ते पुन्हा मऊ फडक्यात नीट गुंडाळून लावून पाहिलं. पुन्हा ते घसरून त्याच्या हातात आलं.

"बघ, त्यालासुद्धा ही गाडी नकोशी झालीय," पायरीवर बसलेली सित वदाद, म्हणजे वदादबाई, म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

भाच्याने सकाळीच तिला बजावलं होतं. "मावशी, किंमत ठरवायला माणूस येतोय. गाडीला नावं ठेवू नकोस. आणि ती उलट्या गिअरची गोष्ट तर अजिबात काढू नकोस." गाडी विकून ती कॅनडाला लेकीकडे जाणार होती, कायमची. लेकीच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. नवरा, तन्नूस, गेला त्याला वर्ष होत आलं होतं. त्याची म्हणावी अशी एवढीच चीज मागे उरली होती: अंगणातल्या तुतीखाली उभी असलेली, दोन माणसांपुरती, कापडी टपाची लाल इटालियन गाडी.

शफीक बैरूतहून आला होता. असल्या जुन्या, वेगवान गाड्या पारखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण शब्दांचा भारी कंजूष. गाडीचं कौतुक म्हणून करायचं नाही, हा त्याचा धंद्यातला नियम. त्याला कारणही होतं. या डोंगरात पाहुण्याने एखाद्या वस्तूला सुंदर म्हटलं की घरच्याने लगेच 'तुमचीच समजा' म्हणायचं, आणि पाहुण्याने 'तुमच्याकडेच शोभते' म्हणून ती परत करायची, ही रीत. मघाशी त्याने कॉफीच्या कपाला सुंदर म्हटलं मात्र, वदादच्या तोंडून 'तुमचाच समजा' निघूनही गेलं होतं. कपाचं ठीक आहे. गाडीचं कोणी खरंच मनावर घेतलं तर काय घ्या.

तो गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते. वदादला राहवेना. गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"सायलेन्सर बघतोयस ना? आमच्या रीमाच्या वेळी फुटला तो. लढाईचे दिवस. मला कळा सुटलेल्या. तन्नूस मला दवाखान्यात घेऊन निघाला. किनाऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि ह्या बाबाने गाडी गर्रकन फिरवली. म्हणाला, पुढचे गिअर गेले, आता उलटीच न्यावी लागणार. मी आपली त्याचा कोट डोक्यावर घेऊन खाली वाकलेय आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. त्यात तो सायलेन्सर फाट फाट वाजतोय. आणि पूल ओलांडला तसा गिअर सुटला की आपोआप! काय नखरे म्हणायचे हे? गावाने नावच पाडलं त्याचं, उलटा तन्नूस."

ही गोष्ट तिने लग्नांत सांगितली होती, बारशांना सांगितली होती. तन्नूस समोर बसून मान खाली घालून हसायचा. त्याच्या मातीला जमलेल्या लोकांनाही तिने ती सांगितली, आणि लोक रडता रडता हसले होते.

शफीक बाहेर आला. त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं.

"आधी गाडी फिरवली, मग गिअर गेला?" त्याने विचारलं.

"हो. का रे?"

"दवाखान्याकडे जाताना समुद्र कुठल्या हाताला होता?"

"उजव्या. तिकडच्या उंच इमारतीतून गोळ्या झाडायचे मेले. पण त्या रात्री सगळं शांत होतं. तन्नूसच म्हणाला तसं."

शफीकने चालकाच्या बाजूचं, म्हणजे डावीकडचं, दार उघडलं. दारात काहीतरी खुळखुळलं.

"हेही तेव्हापासूनचंच दुखणं," वदाद म्हणाली.

तिला विचारून त्याने दाराचं आतलं अस्तर काढलं, पोकळीत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढून तिच्यापुढे उघडली. तळहातावर शिशाचे चेपलेले गोळे होते.

"सित वदाद, सायलेन्सर कारखान्यातून आला तोच आहे. गिअरची पेटी कधी कोणी उघडलेली नाही. तुमच्या बाजूच्या दाराचा पत्रा अखंड आहे. भोकं पुट्टी भरून बुजवलीत ती फक्त त्याच्या दाराची, म्हणूनच चुंबक तिथे धरेना." त्याने उजवीकडच्या दाराकडे बोट केलं. "गाडी सरळ नेली असती, तर समुद्राकडे तुमचं दार आलं असतं."

वदादने ते गोळे ओंजळीत घेतले. ते तिला वाटले त्याहून जड होते. तिला आठवलं, त्या आठवड्यात तन्नूस अंगणात दार रंगवत बसला होता आणि तिने विचारल्यावर म्हणाला होता, फाटकाला घासलं. तिचे डोळे भरून आले, पण ते दुःखाने नव्हे. तिचं इतक्या वर्षांचं आयुष्य, रीमा, रीमाची पोरं, सगळं त्या रात्री या माणसाने आपलं अंग मध्ये घालून दिलं होतं. वर तिला हसायला एक गोष्टही दिली होती, स्वतःच्या फजितीची.

"देवा, तुझे उपकार," ती पुटपुटली. "आणि तन्नूस, तुझे."

शफीकने हात पुसले आणि खाकरला. "खरं तेच सांगतो. दार असं बुजवलेलं म्हटल्यावर बाजारात किंमत बरीच उतरणार."

त्याने लोहचुंबक खिशात टाकलं, गाडीकडे एकदा पुढून मागे पाहिलं, आणि धंद्याचा नियम मोडला.

"सुंदर गाडी आहे, सित वदाद."

वदादने त्या दारावर हात ठेवला. पाहुण्याने तोंडभर कौतुक केलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा तिने 'तुमचीच समजा' म्हटलं नाही.