तिसावा माणूस

"चहासुद्धा घेतला नाही गं," इस्त्रीच्या शर्टाची बाही वर सरकवत बाबा म्हणाले.

माझ्या ऑनर्सच्या संशोधनाला तीस निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. एकोणतीस जण मिळाले होते. तिसावे आपण व्हायचं, हे बाबांनी परस्पर ठरवलं आणि सकाळीच कॉलेजच्या प्रयोगशाळेत हजर झाले.

दुपारी त्यांची उपाशीपोटीची साखर दोनशे दहा निघाली. मी पुन्हा तपासली. तेवढीच आली.

संध्याकाळी ते बशीत चहा ओतत असताना मी सांगितलं. बाबांनी बशी उचलली, पण ओठांना लावली नाही.

"म्हणजे माझा तुला काही उपयोग नाही," ते म्हणाले. "आता तिसावा कुठून आणशील?"

मी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली आणि बिनसाखरेचा चहा टाकला. दोघांसाठी.