कोपऱ्यातले बाबा

बाबा गेले ते ऐन वाढदिवसाच्या दिवशी. महिन्याभराने आईने त्या वाढदिवसाचा व्हिडिओ लेकीपुढे धरला. "जगभरच्या बहिऱ्यांना सबटायटल्स लिहून देतेस, तुझ्या बहिऱ्या आईला कधी देणार?"

लेकीने हेडफोन लावले. टाळ्या, गाणी, हसणं. आणि केक वाढणाऱ्या आईच्या पाठीमागे, कोपऱ्यात, भिंतीला टेकलेले बाबा: "अगं, मागे बघ ना. छातीत कळ येतेय." त्या गोंगाटात धडधाकट कानांच्यांनाही ते ऐकू गेलं नव्हतं.

लेकीने तिथे लिहिलं, 'बाबा गाणं गुणगुणतात.'

आईने नेमका तिथेच व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पडद्याला नाक लावून पुन्हा पाहिला.

 

"लग्न झाल्यापासून मी त्यांचे ओठच वाचत आलेय गं."