पांढरं लुगडं

छप्पन साली दारव्ह्याच्या मिशनमध्ये विधवा आणि नवऱ्यांनी टाकलेल्या बायका तिथल्या मिशनरी मिसबाईंच्या हाताखाली टेबलक्लॉथवर भरतकाम करायच्या. माझी आई कांताबाई त्यांतलीच. दसऱ्याला नागपूरला दीक्षा घ्यायला जायचं तिनं ठरवलं होतं, पण नेसायला पांढरं लुगडं नव्हतं.

"मिसबाईलेच माग ना," शेजारी बसणारी रुपीबाई हसत म्हणाली. "चार वर्सं झाली, बाई तुह्या बाप्तिस्म्याची वाट पाहून राह्यली. लुगडंबी देईल अन् घरीबी धाडील."

काम गेलं असतं तर आम्ही दोघं उपाशी राहिलो असतो. तरी आई गेली.

"बाई, मले पांढरं लुगडं पाहिजे. नागपूरले दीक्षा घ्याले चालली."

मिसबाईंनी विचारलं, "कांता, नीट विचार केलास?"

"हो, बाई."

"मग संध्याकाळी ये."

आता कामावरून काढणार, असं धरूनच आई संध्याकाळी गेली. मिसबाईंनी एक कोरं पांढरं लुगडं तिच्या हातावर ठेवलं. "मंगळवारी कामावर ये. उशीर करू नकोस," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन आईनं घडी उलगडली. पदराच्या कोपऱ्यातलं भरतकाम नुकतंच उसवलेलं होतं. धागा एकही उरला नव्हता, सुईची बारीक भोकं मात्र तशीच होती.

ती भोकं कशी होती हे सांगताना आई अगदी म्हातारपणीही माझ्या तळहातावर बोटानं एक उभी रेघ ओढायची, मग एक आडवी.