पाठीमागे बसलेली

राहीबाईच्या हातातली मोगऱ्याची पुडी दिसली, तशा अतियाबी दार अडवून उभ्या राहिल्या.

"फुलं? आज? परवा या घरातून पोर कब्रस्तानात गेलं, राहीबाई. राहनाळपर्यंत खबर पोचली नाय काय?"

"खबर कशाला पोचायला पायजे? मी हितंच व्हते."

"मग फुलं घेऊन कुनाच्या शादीला आलीस?"

राहीबाईने चपला काढल्या, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. राहनाळ गावाहून ती पायी आली होती. फुलं सुकू नयेत म्हणून पुडीवर ओला फडका गुंडाळला होता. शेजारच्या कारखान्यात माग खडखडत होते. घरात टीव्ही बंद करून त्याच्या कपाटाचं शटर ओढलेलं होतं आणि आतल्या खोलीत अतियाबींची सून, सुरैया, भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"सूनबाईला बघू द्या."

"आता काय बघायचंय? मूल काढलं दाईनं. नाळ कापली दाईनं. तू तर नुसती तिला धरून पाठीमागं बसली होतीस."

"बसले व्हते." राहीबाईचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. "आमच्याकडं सप्त्यात बुवा कीर्तनाला उभे ऱ्हातात. गाता गाता त्यांना दम लागतो. तवा मागचे टाळकरी धृपद धरून ठेवतात, बुवांचा श्वास परत येईतोवर. कीर्तन काय ते करत न्हाईत. पन ते गप झाले ना, तर बुवा भर मंडपात एकटे पडतात."

"तुझं कीर्तन संपलं परवाच."

"न्हाय संपलं, अतियाबी. आज तिसरा दिवस. दूध आलं असंल."

अतियाबींचा चौकटीवरचा हात खाली आला.

सुरैयाचा कुर्ता छातीवर दोन्हीकडे भिजला होता. चोरीचा माल लपवावा तशी तिने वरून ओढणी गच्च गुंडाळून घेतली होती. अंग तापलेलं. राहीबाई पुढ्यात येऊन बसली तेव्हा तिने खाली, ओल्या कुर्त्याकडे पाहिलं.

"राहीबाई, या दुधाला कुनी सांगितलं नाय काय?"

राहीबाई पुडी सोडत म्हणाली, "सांगू या. आपुन दोघी सांगू. हळूहळू ऐकंल."

ओली ओढणी बाजूला करून तिने मोगऱ्याची फुलं छातीवर पसरली आणि वरून लुगड्याचं जुनं, मऊ कापड धरलं. "आमच्या बायका असंच करतात. फुलांनी दूध आटतं. चार-पाच दिस लागतील, मी रोज येईन." पण कापडाचा वेढा पाठीमागून घ्यायचा तर सुरैयाला ताठ बसवेना. दोनदा ती कुशीवर कलंडली.

"कुनीतरी हिच्या पाठीमागं बसा. माजे दोन्ही हात गुतलेत."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मागोमाग आत आलेल्या अतियाबींनी पदर खोचला आणि गुडघे दुमडून त्या सुनेच्या मागे टेकल्या. सुरैयाची पाठ त्यांच्या छातीवर आली. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण त्यांनी तिला एवढं जवळ कधी घेतलं नव्हतं.

राहीबाईने वेढा आवळला, आणि सुरैयाने हंबरडा फोडला. परवा दाईने मूल उचललं तेव्हा या खोलीत कुणीच रडलं नव्हतं. ना मूल रडलं, ना आई. आता तिचा आवाज मागांच्या खडखडाटावर चढला. अतियाबींना तिची सगळी पाठ आपल्या अंगावर थरथरताना कळत होती. त्या घाबरल्या.

"राहीबाई, काय करू गं मी?"

राहीबाईने कापडाचं टोक खोचलं.

"काय करू नका. बसून ऱ्हावा."

"नुसतं?"

"नुसतं."