न वाचता दिलेला होकार

दुपारी तीनला सिस्टिमवाल्याने ऑफिसच्या लिनक्स कॉम्प्युटरवरची बिनकामाची सॉफ्टवेअर पॅकेजेस काढायला घेतली. "काढून टाकू का?" असं स्क्रीनवर आलं. नावं न वाचताच त्याने सवयीने होकार दिला.

पहिलं पॅकेज निघालं आणि त्याच्या खोलीच्या खिडकीच्या जागी भिंत आली. दुसरं निघालं, तसं दारही गेलं.

"दादा, दार कुठंय?" बाहेरून रिसेप्शनवाली भिंत बडवत ओरडली. "चेष्टा पुरे हं!"

तो आतून ओरडला, "ताई, जाऊ नका! परत बसवतो."

त्याने ते दुसरं पॅकेज परत मागवलं. उत्तर आलं, असं काही इथे कधीच नव्हतं. काढणं मात्र थांबेना.

पुढचं पॅकेज निघालं, तसं बडवणं बंद झालं.

"अगं," बाहेर ती कुणाला तरी विचारत होती, "आपण या भिंतीपाशी कशाला उभ्या आहोत?"