रोज फक्त दहा मिनिटं

सलग अकराव्या सकाळी रेडिओचा फोन आला नाही, तेव्हा छापखान्याच्या मालकाने मनाशी कबूल केलं, की मस्करी अंगाशी आली.

रेडिओ म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. घड्याळं दुरुस्त करायचा आणि हात चालू असले की तोंडही चालू. रोज नऊच्या ठोक्याला त्याचा छापखान्यात फोन. सरासरी बावीस मिनिटं, त्यात मालकाचा वाटा अकरा हुंकारांचा. मित्रांनी मालकाचं नाव पूर्णविराम ठेवलं होतं, ते उगाच नाही. हुंकारांची मोजदाद त्याने स्वतःच केली होती. मोजायला तोंड उघडावं लागत नाही.

मस्करी अशी झाली. एका संस्थेचं मदतीचं आवाहन छापायला आलं होतं. ते जुळवता जुळवता मालकाला लहर आली. रेडिओचा आ वासलेला एक फोटो शोधून त्याने तस्संच दुसरं आवाहन तयार केलं. ‘एका बडबड्याला दत्तक घ्या. या गृहस्थांचं कोणी ऐकून घेत नाही. पत्नीने हात टेकले आहेत, गिऱ्हाइकं घड्याळ तिथेच टाकून पळतात. तुमची रोज फक्त दहा मिनिटं एका घराला शांतता मिळवून देऊ शकतात. कान वापरलेले असले तरी चालतील.’

आणि खाली संपर्क. इथे हाताची सवय नडली. संपर्काचा नंबर नसलेलं आवाहन तीस वर्षांत त्याच्या छापखान्यातून बाहेर पडलं नव्हतं. त्याने नंबर घातला. रेडिओचा, खराखुरा. वर दोनदा तपासूनही घेतला.

शाळेच्या ग्रुपवर टाकल्यावर दातांच्या डॉक्टराने आधी पोट धरून हसणारी सात तोंडं पाठवली, मग ते आवाहन आपल्या सासुरवाडीला पाठवलं. तिथून ते कुठे कुठे गेलं, देव जाणे. मालकाने घरी बायकोलाही दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

“भावजींना लागेल हो हे,” ती म्हणाली आणि पोळ्यांकडे वळली.

रेडिओने ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून नऊचा फोन बंद. आपण होऊन लावावा, तर सदानकदा व्यस्त.

“तुझा नंबर काळ्या यादीत टाकला असेल,” डॉक्टर म्हणाला. “जा आणि पाय धर. माझं नाव मात्र घेऊ नकोस.”

“पाठवलंस तूही.”

“लिहिलंस तू. मी नुसता पोस्टमन.”

अकरा दिवस छापखान्यात यंत्रांशिवाय कोणी बोललं नाही. बाराव्या दिवशी मालकाच्या ध्यानात आलं, की चाळीस वर्षांत आपल्याशी आपण होऊन बोलायला येणारा हा एकच माणूस, आणि तोही आपण स्वतःच्या हाताने घालवला. त्याने रद्दी कागदावर माफीची दोन वाक्यं लिहिली, खाडाखोड करून एक ठेवलं, आणि दुपारी घरी नेहमीसारखं उशिरा जेवून घड्याळाच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

रेडिओने डोळ्याचं भिंग न काढता वर पाहिलं. “अरे, ये ये. बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय गेलाय.”

“माझं चुकलं,” मालकाने वाक्य टाकलं.

“काय चुकलं? अच्छा, ते आवाहन! वेडा आहेस. दिवसाला चौदा-पंधरा फोन येतात मला. एक निवृत्त ड्रायव्हर आहे, एक वसतिगृहाची स्वयंपाकीण, एक बँकेतला. माझं ऐकायला म्हणून फोन करतात आणि दोन मिनिटांत स्वतःच सुरू होतात. मला फक्त अरेरे आणि मग पुढे, एवढंच म्हणावं लागतं. तुझा धंदा अवघड आहे रे बाबा. पहिल्या आठवड्यात माझी जीभ आखडली होती.”

“मग सकाळी नऊला?”

“नऊला तो ड्रायव्हर असतो. सगळ्यांच्या वेळा ठरल्यात. नावं कोणी सांगत नाही, मी विचारत नाही, वेळेनेच नोंदवून ठेवलेत फोनमध्ये. तुला मी साडेआठ देतो. चालेल?”

मालकाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो हसला, चक्क आवाज करून. स्टूल नको म्हटलेलं विसरून स्टुलावरच बसला आणि पडता पडता वाचला.

रेडिओने भिंतीवर पाहिलं. तिथे तेवीस घड्याळं तेवीस वेळा दाखवत होती, पण त्यातलं खरं कोणतं ते त्याला ठाऊक होतं.

“तुझी कामं खोळंबली असतील ना?” तो म्हणाला.

“नाही.”

“यंत्रावर कोण आहे?”

“आहे माणूस.”

“तरी पण. मालकाची नजर हवी यंत्रावर. जा तू. उद्या साडेआठला बोलूच.”

“बसतो जरा,” मालक म्हणाला. बारा दिवसांचं ऐकायचं राहिलं होतं.

रेडिओ पुन्हा कामावर वाकला. चिमट्यात केसाएवढी बारीक स्प्रिंग धरली होती. ती सोडली असती, तर सकाळपासूनची मेहनत पाण्यात. तेवढ्यात टेबलाच्या कोपऱ्यावर फोन वाजला. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘चार वाजता’.

“वाजू दे,” रेडिओ म्हणाला.

“अरे, वाट बघत असेल कोणी.”

“हात लावू नकोस. ऐक माझं, राहू दे.”

पण मालकाला आज कुठली तरी भरपाई करायची होती. त्याने तत्परतेने फोन उचलला, बटण दाबलं, आणि रेडिओचे हात अडकलेत हे बघून आवाजही मोठा करून दिला.

“भावजी, हे गेले एकदाचे जेवून छापखान्यात,” पलीकडून आवाज आला. “काल अर्धंच राहिलं होतं ना, तिथून पुढे सांगते.”